चिपचा दोष नव्हता

माझ्या वहिनीला, क्षमा टिपणीसला, नोकरी लागून वर्ष होत आलं तरी ती नेमकं काय काम करते याबद्दल आमच्या घरात एकमत नव्हतं. बाबा नाहूरच्या सोसायटीत सगळ्यांना सांगायचे, "इंटरनेटचं काहीतरी करते." दादा, म्हणजे तिचा नवरा यज्ञेश, मित्रांना "चिप डिझाइन" म्हणायचा आणि वहिनी लगेच त्याला दुरुस्त करायची, "डिझाइन आमच्या ऑफिसातली उत्तरा करते रे. मी तपासते." आईला अर्धांगवायूनंतर बोलायला कष्ट पडतात. तिने एका शब्दात विषय मिटवला होता. "उजेड."

त्यातल्या त्यात आईच खऱ्याच्या जवळ होती.

शेवटी एका रविवारी मुलुंडहून जेवायला गेले तेव्हा मी वहिनीला धरून बसवलं. म्हटलं, "मी विमा कंपनीत क्लेम तपासणारी बाई. मला कळेल असं सांग."

वाल सोलता सोलता तिने सांगितलं. "तू मोबाइलवर व्हिडिओ बघतेस तो कुठल्यातरी डेटा सेंटरमधून येतो ना? तिथे हजारो कॉम्प्युटर आपसात सतत बोलत असतात. ते बोलणं तांब्याच्या तारेतून न्यायला गेलं तर थोड्या अंतरातच विरतं, शिवाय तार तापते. म्हणून ते काचेच्या बारीक धाग्यातून न्यायचं, प्रकाशाने. पण कॉम्प्युटरला प्रकाश कळत नाही, वीज कळते. मग वीज जे सांगेल ते प्रकाशावर उमटवणारं कोणीतरी मध्ये लागतं. त्याला मॉड्युलेटर म्हणतात."

"म्हणजे दिवा चालू-बंद, चालू-बंद?"

"लेझर चालूच राहतो गं. आमच्या सिलिकॉनच्या चिपवर त्या प्रकाशाचे दोन भाग होतात, दोन वाटांनी जातात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. विजेने एका वाटेवरचा प्रकाश किंचित मागे पाडला की दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. अंधार. नाही पाडला तर दोघी मिळून पुढे जातात. उजेड."

"आणि हे किती भराभर?"

"सेकंदाला पाच हजार कोटी वेळा," ती म्हणाली आणि वालाची टरफलं गोळा करायला लागली, जणू डब्यात किती चपात्या घातल्या ते सांगितलं.

मी तिच्याकडे बघत राहिले. आमच्या घरात ही बाई बारा वर्षं गॅसवर दूध उतू जाऊ नये म्हणून उभी राहिली होती.

वहिनी मूळची बोरिवलीची. लग्न झालं तेव्हा ती पवईला पीएच.डी. करत होती. विषय हाच, सिलिकॉनमधून प्रकाश नेण्याचा. तेव्हा आम्हाला तो ऐकायलाही चमत्कारिक वाटायचा. गार्गी झाली तरी तिने काम सोडलं नाही. तान्ह्या मुलीला आईकडे ठेवून ती प्रयोगशाळेत जायची. मग एके दिवशी आई स्वयंपाकघरात कोसळली आणि तिची उजवी बाजू गेली. बाबा तेव्हा पालिकेच्या जलखात्यात नोकरीला होते, दादाची फिरतीची नोकरी होती, माझं लग्न नुकतंच झालेलं. गार्गी दीड वर्षाची. कोणी वहिनीला "तू थांब" असं म्हटलं नाही. तीच म्हणाली, "सहा महिने सुट्टी घेते." सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली, आणि मग प्रबंधाबद्दल घरात कोणी बोलेनासं झालं.

पण ती रिकामी बसली नाही. घरातल्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायला लागली. पलंगावरून आई ऐकायची. वहिनीची एक सवय मुलांमध्ये प्रसिद्ध होती. उत्तर चुकलं की ती "चूक" असं म्हणायची नाही. "कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं ते दाखव," असं म्हणायची. मुलगा मागे मागे जात स्वतःच थांबायचा.

त्या मुलांमध्ये नितेश नावाचा एक होता. भांडुपचा, बडबड्या, प्रत्येक गोष्टीला "पण का, मॅडम?" विचारणारा. तो पुढे परदेशात गेला, तिथे याच विषयात शिकला आणि परत येऊन त्याने अंधेरीच्या एमआयडीसीत दोन मित्रांबरोबर छोटी कंपनी काढली. डेटा सेंटरसाठी सिलिकॉनचे मॉड्युलेटर तयार करायचे. चिप परदेशातल्या कारखान्यात घडवून घ्यायची, पण तिचं डिझाइन, जोडणी आणि तपासणी सगळं इथे.

एका संध्याकाळी तो पेढे घेऊन नाहूरला आला. वहिनीला वाटलं लग्नाचं आमंत्रण असेल.

"मॅडम, माझ्याकडे टेस्टिंगला माणूस नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही या ना."

वहिनी हसली. "अरे, मी बारा वर्षांपूर्वी शेवटचा लेझर चालू केला होता. आता सगळी यंत्रं बदलली असतील."

"यंत्र शिकता येतं. कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं ते शोधायला कोणी शिकवत नाही. ते तुम्ही शिकवलंत."

वहिनीने आईच्या पलंगाकडे बघितलं. आई ऐकत होती. आईला शब्द शोधायला वेळ लागतो, चेहरा आधी लाल होतो. तेव्हा आम्हाला वाटलं, तिला वाईट वाटतंय. पण बऱ्याच प्रयत्नाने ती म्हणाली, "जा. जा तू." आणि डाव्या हाताने बाबांकडे बोट दाखवलं. "हे… आहेत."

बाबा केव्हाच निवृत्त झाले होते. दुसऱ्या दिवसापासून आईचं औषध, व्यायाम, मऊ भात असं सगळं त्यांनी अंगावर घेतलं. सुरुवातीला भात करपायचा. आई खायची आणि एकच शब्द म्हणायची, "धूर." पण बाबा शिकले.

वहिनी घाटकोपरला उतरून मेट्रोने चकाल्याला जायला लागली. पहिले काही महिने तिने फार कष्टात काढले. तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान मुलं जे सॉफ्टवेअर डोळे मिटून वापरायची, ते ती एकेक बटण शोधत शिकली. नितेश मालक असूनही तिला "मॅडम" म्हणायचा आणि ती त्याला "अरे नितेश". त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला कंपनी कोणाची ते पटकन कळायचं नाही. हळूहळू तपासणीचा सगळा विभाग तिच्याकडे आला. शिवाय चिप ज्या बोर्डावर बसवतात, तो बोर्ड आखण्याचं कामही तिने मागून घेतलं. त्या इवल्याशा चिपला बाहेरून वीज आणून द्यायची, ती नीट तिथपर्यंत पोचवायची, हे बोर्डाचं काम.

चिपचं डिझाइन करायची उत्तरा. चारकोपला राहणारी, वडील कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घराजवळ झेरॉक्सचं दुकान काढलेलं, घरात मालवणी बोलणारी. तिच्या घराण्यातली पहिली इंजिनीअर. वहिनीला ती "ताई" म्हणायची आणि डब्यातली सुकी जवळ्याची चटणी न विचारता वहिनीच्या ताटलीत वाढायची. दोघींची गट्टी जमली. दोन वर्षं खपून उत्तराने तो मॉड्युलेटर आखला होता.

चिप कारखान्यातून आल्या तेव्हा ऑफिसात नारळ फोडला. वहिनीने बोर्डावर चिप बसवून घेतली, लेझर जोडला आणि कमी वेगाने तपासणी सुरू केली. झकास चाललं. वेग वाढवत नेला, तरी चाललं. मात्र जो वेग ग्राहकाला हवा होता त्याच्या जवळ गेल्यावर डोळा मिटला.

डोळा म्हणजे काय, तेही मला तिनेच समजावलं होतं. मशीनच्या पडद्यावर उजेड-अंधाराच्या लाखो खुणा एकावर एक रचून दाखवतात. चढ-उतार स्वच्छ असतील तर मधोमध बदामाच्या आकाराची मोकळी जागा उरते. त्या धंद्यात तिला डोळाच म्हणतात. डोळा उघडा असला की पलीकडच्या कॉम्प्युटरला उजेड कुठला, अंधार कुठला ते कळतं. मिटला तर नुसता गोंधळ.

तिने दुसरी चिप लावली, तिसरी लावली. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

पुढची मीटिंग मला नंतर उत्तराने सांगितली, कारण वहिनी स्वतःबद्दल सांगताना दोन वाक्यांत उरकते. गुंतवणूकदारांचे सल्लागार आले होते. वयस्कर, शांत गृहस्थ. ते म्हणाले की चिपवरून वीज आणि प्रकाश शेजारी शेजारी धावतात, दोघांचा वेग जुळला नाही तर असंच होतं. म्हणजे डिझाइनमध्ये खोट. डिझाइन बदलून नवी चिप घडवून आणायची तर जवळजवळ वर्ष जाईल. तेवढं थांबायला कोणी तयार नाही. त्यापेक्षा परदेशातून तयार डिझाइन घ्यावं. "मग इथे डिझायनरची गरज उरत नाही," असं ते म्हणाले. उत्तराचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

नितेश खाली मान घालून बसला होता.

मीटिंगनंतर उत्तरा वहिनीच्या टेबलाजवळ आली. डोळे सुजलेले. "ताई, मीच राजीनामा देते. काढून टाकण्यापेक्षा तेच बरं ना? पण आवशीक काय सांगू मी? तिनं अख्ख्या चारकोपला सांगितलंय, माझी मुलगी चिप बनवते म्हणून."

वहिनीने तिला खुर्चीत बसवलं. "राजीनामा कुठे पळून जात नाही. आधी सांग, कुठपर्यंत बरोबर आहे?"

"म्हणजे?"

"कमी वेगाला चिप चालते. मधल्या वेगाला चालते. मग मधेच एका ठिकाणी घसरते. हा बघ आलेख." वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं. "वेग जुळत नसता तर हळूहळू, सारखी उतरत गेली असती. इथे घसरते, परत थोडी वर येते, परत घसरते. लाटा लाटा आहेत. मला हे तुझ्या चिपसारखं दिसत नाहीये. प्रतिध्वनीसारखं दिसतंय."

पण दिसतंय आणि आहे यात फरक असतो, हे तिला बरोबर ठाऊक होतं. खात्री करायची तर बोर्ड मधून काढून टाकायला हवा. नुसत्या, उघड्या चिपवर सोन्याच्या बारीक सुया टेकवून त्याच वेगाला तपासायला हवं. तसं मशीन त्यांच्याकडे नव्हतं. ते पवईला होतं. जिथून ती सहा महिन्यांची सुट्टी घेऊन निघाली होती, त्याच प्रयोगशाळेत.

त्या इमारतीत ती पुन्हा कधी गेली नव्हती. पवईवरून रिक्षाने जातानासुद्धा ती दुसरीकडे बघायची, हे तेव्हा फक्त दादाला माहीत होतं. तिचे मार्गदर्शक निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी भीमराज होता. वहिनीच्या वेळी तो नवखा विद्यार्थी होता, तिच्याकडून लेझर जुळवायला शिकलेला. आता प्राध्यापक. तिने फोन केला तेव्हा नाव सांगून ती जरा थांबली, त्याला आठवेल की नाही म्हणून.

तिकडून तो ओरडलाच. "क्षमा मॅडम? अहो, कुठे आहात तुम्ही?"

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी तिला सोडायला गेले आणि तिने मला आत ओढून नेलं. "एकटीने जायला पाय उचलत नाहीत गं," एवढंच म्हणाली. भीमराजने आम्हाला चहा पाजला. तो वहिनीला सगळी नवी यंत्रं दाखवत होता आणि ती प्रत्येकाला हात लावून बघत होती. एका कोपऱ्यात जुनं जाड टेबल होतं, हादरे न बसणारं. त्याच्यावर तिने तळवा ठेवला आणि काही क्षण उचलला नाही. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने केस बांधले आणि काम सुरू केलं. मायक्रोस्कोपखाली चिप ठेवली. नखाच्या तुकड्याएवढी. एका बाजूने काचेचा धागा आणून प्रकाश आत सोडला, दुसऱ्या बाजूने सुया टेकवल्या. पहिल्यांदा नीट बसल्या नाहीत, तिने पुन्हा टेकवल्या. भीमराजने वेग वाढवत नेला. मला पडद्यावर फक्त रंगीत धुकं दिसत होतं. वेग ठरलेल्या आकड्यावर आला, धुकं थिजलं आणि मधोमध एक बदाम दिसायला लागला. स्वच्छ, मोकळा.

"उघडला!" भीमराजने टेबलावर थाप मारली. "फर्स्ट क्लास चिप आहे, मॅडम. कोणी आखलीय?"

"आमच्या उत्तराने," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मग माझ्या डोळ्यांदेखत तो उजेड हळूहळू मावळला. मला काही कळेना. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "अगं, चांगलं झालं ना? मग तोंड का असं?"

"चिप चांगली आहे, अपू. म्हणजे बोर्ड वाईट आहे."

"मग?"

"बोर्ड माझा आहे."

घरी जेवणाच्या टेबलावर तिने सगळं समजावून सांगितलं. वीज चिपवरून प्रकाशाच्या बाजूने धावत शेवटाला पोचते. तिथे तिला शोषून घेणारा एक रेझिस्टर लागतो. तो वहिनीने चिपपासून थोडा लांब ठेवला होता, मुद्दाम. रेझिस्टर तापतो आणि चिपला उष्णता लागली की प्रकाश बिथरतो, म्हणून. विचार चुकीचा नव्हता. पण त्यामुळे मधली सोन्याची तार लांबली. वेग कमी असताना त्याने काही बिघडलं नाही. वेग वाढला तेव्हा वीज त्या तारेपाशी अडखळून परत फिरायला लागली, आणि मागून येणाऱ्या विजेत मिसळून सगळा गोंधळ करायला लागली.

बाबा मान डोलवत होते. "आमच्या पाण्याच्या लाइनीत पण असंच. व्हॉल्व्ह एकदम बंद केला की धक्का उलटा येतो. मैलभर मागचा पाइप फुटतो."

"तसंच, बाबा."

दादाने तिच्या ताटात बिरडं वाढलं. तिचा नवरा म्हणून त्याला जे सुचलं ते त्याने बोलून टाकलं. "क्षमा, हे सगळं सगळ्यांना सांगायलाच हवं का? नवीन बोर्ड कर आणि म्हण, सुधारणा केली. डोळा उघडला की कोण विचारतंय? इतक्या वर्षांनी उभी राहिलीस. त्या सल्लागाराला आयतं कोलीत मिळेल, बघा, घरी बसलेली बाई आणली आणि वाट लागली, असं म्हणेल तो."

मलाही मनातून तेच वाटत होतं.

वहिनीने घास खाली ठेवला. "सुधारणा म्हटलं तर त्यांच्या मनात काय राहील? उत्तराची चिप कच्ची होती, क्षमाने सांभाळून घेतली. आयुष्यभर त्या पोरीला ते चिकटेल. तिचं काहीही चुकलेलं नाही रे. माझ्या कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होतं ते मला माहीत आहे. पुढची ओळ चुकली. ती मीच दाखवणार."

पलंगावरून आईचा आवाज आला. "बरोबर."

सोमवारच्या मीटिंगमध्ये वहिनीने पडद्यावर दोन चित्रं लावली. डावीकडे मिटलेला डोळा, उजवीकडे पवईचा उघडा डोळा. उत्तराने मला सांगितलं, की तिला आधी वाटलं ताई कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीची चिप दाखवतेय.

"चिप एकच आहे," वहिनी म्हणाली. "उत्तराचीच. डिझाइनमध्ये खोट नाही. डावीकडे ती माझ्या बोर्डावर आहे, उजवीकडे बोर्डाशिवाय. दोष बोर्डाचा आहे आणि बोर्ड मी आखलाय. रेझिस्टर लांब ठेवायचा निर्णय माझा होता. का घेतला आणि का चुकला, ते पुढच्या चित्रात आहे."

सल्लागारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी खूप प्रश्न विचारले, टोचणारे नव्हे पण कठीण. वहिनीने प्रत्येकाचं उत्तर दिलं. एकाला म्हणाली, "हे मला आत्ता माहीत नाही, मोजून सांगते." शेवटी ते नितेशकडे वळले. "चिप चांगली असेल तर वर्षभर थांबायची गरज नाही. नवा बोर्ड कोण करणार?"

नितेशने वहिनीकडे बघितलं. "मॅडम?"

"मीच करणार," ती म्हणाली. "ज्याचं गणित चुकलं त्यानेच सोडवायचं. शिकवणीत तुला काय सांगायचे मी?"

सल्लागार पहिल्यांदा हसले. जाताना ते उत्तराच्या खुर्चीपाशी थांबले. "मी घाई केली. तुमचं काम उत्तम आहे," असं उभ्या उभ्या सांगून गेले. उत्तराला रडू फुटलं आणि मग ती हसायला लागली. बाहेर जाऊन तिने आईला फोन लावला. काय बोलली ते कोणाला कळलं नाही, सगळं मालवणीत आणि एका दमात.

नवा बोर्ड दोघींनी मिळून आखला. आता रेझिस्टर चिपला जवळजवळ चिकटून बसवायचा होता, मग उष्णतेचं काय? उत्तराने सुचवलं की ती वर पसरायच्या आत खाली ओढून घेऊ, तळाला धातूची जाड पट्टी लावू. बोर्ड चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. उत्तराच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोघी स्वतः जाऊन उभ्या राहायच्या. पहिला नमुना बिघडला, पट्टी नीट बसली नाही. दुसऱ्यात तार पुन्हा थोडी लांब निघाली. वहिनीने तोही परत केला. तिसरा घेऊन त्या अंधेरीला आल्या.

त्या दुपारी ऑफिसातले सगळे मशीनभोवती गोळा झाले. नितेशने वहिनीला वेग वाढवायच्या बटणापाशी उभं केलं. तिने उत्तराचं बोट धरून त्यावर ठेवलं. कमी, मध्यम, जास्त, आणि मग तो वेग. डोळा हलला नाही, बारीक झाला नाही. उघडा राहिला. कोणीतरी शिट्टी मारली. नितेश खुर्चीवर चढून नाचला आणि खुर्ची चाकांची असल्याने पडला. एवढं वहिनीने आवर्जून सांगितलं.

पुढे ते मॉड्युलेटर ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये चाचणीसाठी लागले. खाडीपूल ओलांडला की आमच्या मुलुंडहून हाकेच्या अंतरावर. खऱ्या गर्दीत, खऱ्या उष्णतेत ते आठवडेच्या आठवडे चालले, आणि ग्राहकाने आणखी मागवले. मोठ्या परदेशी कंपन्यांपुढे वहिनीची कंपनी अजून लहानच आहे. पण आता पूल ओलांडताना मी गाडीत कोणाला ना कोणाला सांगतेच, "त्या पलीकडच्या इमारतीत माझ्या वहिनीचा बोर्ड आहे." ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मला चालतं.

गेल्या हिवाळ्यात पवईला या विषयावरची परिषद भरली. कंपनीतर्फे कोणी बोलायचं, असा प्रश्न आला तेव्हा उत्तराने परस्पर वहिनीचं नाव दिलं. आम्ही सगळे गेलो. दादाने रजा काढली. गार्गीने कॉलेज बुडवलं. बाबांनी आईला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं, इस्त्रीची नारायणपेठी नेसवून. सभागृहात देशभरातले शास्त्रज्ञ. भीमराजने आमच्यासाठी पुढची रांग राखून ठेवली होती.

वहिनी मंचावर गेली. मोतिया रंगाची साडी, केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले. पहिलं चित्र लागलं आणि दादा माझ्या कानात पुटपुटला, "अगं, हे काय लावलंय हिने?" तो जुना बोर्ड होता.

"हा माझा चुकीचा बोर्ड," वहिनीने माइकमध्ये सांगितलं. "आजचं भाषण याच्यामुळे आहे. चिप उत्तरा परुळेकर यांची आहे आणि ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती."

सभागृह हसलं, पण आपुलकीने. मग पुढचा अर्धा तास ती बोलली. मला त्यातलं फारसं कळलं नाही. कळलं ते इतकंच, की मोठी मोठी माणसं खाली वाकून लिहून घेत होती आणि ती, आमच्या पुढच्या खोलीत शिकवायची तशीच, एकेक ओळ दाखवत पुढे जात होती. शेवटी टाळ्या वाजल्या. आईचा उजवा हात चालत नाही. तिने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवला, सगळे थांबल्यावरही बडवत राहिली. बाबा रडत होते आणि रुमाल सापडत नव्हता, म्हणून गार्गीने त्यांना आपली ओढणी दिली.

भीमराज मंचावरून उतरलेल्या वहिनीपाशी आला. "मॅडम, हे सगळं प्रबंधाएवढं काम आहे. नाव पुन्हा नोंदवा. मी मार्गदर्शक व्हायला तयार आहे, चालेल ना तुम्हाला?"

"तू मला शिकवणार?" वहिनी म्हणाली.

"नाही हो. मी फक्त सह्या करणार."

तिने दादाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग कोणी काही म्हणायची वाट न बघता म्हणाली, "नोंदव." या जूनपासून ती पुन्हा विद्यार्थिनी आहे, वय सेहेचाळीस. नोकरी चालूच आहे.

जेवणाची सुट्टी झाली होती. आम्ही निघायला तिच्याकडे गेलो, तर चार-पाच मुलींनी तिला दारापाशी गाठलं होतं. एकजण कार्यक्रमपत्रिकेच्या मागे बोर्डाचं चित्र काढत होती आणि वहिनी तिच्या पेनाच्या टोकाकडे बोट दाखवत विचारत होती, "बरं, इथपर्यंत वीज आली. आता पुढे ती कुठे जाईल?"

आमच्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या रे. मला वेळ लागेल."

आम्ही जेवलो नाही. बाबांनी आईची खुर्ची भिंतीला लावली, चाकं अडवली, आणि आम्ही सगळे तिथेच उभे राहून ऐकत राहिलो.